बारातली सातवी प्रत

२९ सप्टेंबर

पुढच्या दुकानात ऋषिराजच्या मशीनवर आज कुणा भावी नगरसेवकाचा वाढदिवस छापला जात होता. मागं डरकाळी फोडणारा वाघ, मधे उत्सवमूर्ती, खाली समर्थकांची मुंडकी, सगळ्यांच्या डोळ्यांवर गॉगल. बारामतीत कुठल्याही चौकात मान वर केली की माझ्या नवऱ्याची कला दिसते. आणि मागच्या शेडमध्ये, त्याच पत्र्याखाली, मी रंगूबाईची पहिली प्रत काढली.

रंगूबाई म्हणजे भिगवणच्या मासळी बाजारात चिलापी निवडत बसणारी बाई. पावसाळाभर मी तिला तांब्याच्या पत्र्यावर सुईनं ओढत होते. आज तेजाबानं खाल्लेल्या त्या रेघांत शाई भरली, वरची शाई तळहातानं पुसली, ओला कागद ठेवला आणि दाबयंत्राचं चाक फिरवलं. कागद उचलला तर ती बसलेली, ओठ दुमडून, अख्ख्या बाजारावर रागावलेली. मला एकदम भरून आलं. अशा बाराच प्रती काढणार आहे. दर वेळी हात थोडा वेगळा पुसतो, म्हणून बाराही सारख्या आणि बाराही वेगळ्या.

ऋषिराज दारात उभा राहून म्हणाला, "बाराच, स्वरूपा? पत्रा तर शाबूत हाय की."

"बाराच. मग हा पत्रा बाद."

"आन आमी दिवसभर छापत बसतो," असं म्हणून तो हसला. त्याला वाटलं, आपण एकाच धंद्यात आहोत.

सासूबाईंनी कमरेवर हात ठेवून बघितलं आणि निकाल दिला, "काळंच हाय समदं. रंग न्हाय का भरायचा?"

मी पुण्यात सहा वर्षं हे शिकले ते या दोघांसाठी.

१९ ऑक्टोबर

दुकानावरच्या हॉलमध्ये प्रदर्शन झालं. गर्दी होती, पण ती ऋषिराजच्या ओळखीची. फ्लेक्स छापून घेणारी माणसं त्याला नाही म्हणू शकत नाहीत, म्हणून आली. कुणी भजी कुठे आहेत विचारलं, कुणी चित्रासमोर पाठ करून सेल्फी काढला.

तरी मी व्याख्यान दिलंच. अस्सल प्रत आणि नक्कल कशी ओळखायची. भिंग धरून दाखवलं: अस्सल प्रतीत रेघ सलग काळी असते आणि बोटाला किंचित उंच लागते; मशीनच्या नकलेत काळाही लाल, निळ्या, पिवळ्या ठिपक्यांचा बनवलेला असतो. अस्सलच्या कडेनं पत्र्याचा दाब उमटलेला असतो, खाली चित्रकाराच्या हातची पेन्सिलीची सही आणि प्रतीचा आकडा असतो. मग जपणूक सांगितली. उजेड नको, ओल नको, धूर नको, हात लावू नका, पातळ मलमलीत गुंडाळा, आणि डांबरगोळ्या तर कागदाच्या आसपाससुद्धा ठेवू नका. हे सांगताना समोरची तोंडं बघितली. पालथ्या घड्यावर पाणी. सासूबाई शेवटच्या खुर्चीत बसून चक्क पेंगत होत्या.

इंदापूरचे मोहनराव, ऊस आणि खतांचं दुकान दोन्ही असलेले, उभे राहिले. "सूनबाई, ह्या बारातलं खरं कंचं?"

"बाराही खरी."

"आन तेरावं काढलं तर?"

"तेरावं काढायचं नसतं."

"म्हंजे कुनाच्या तरी जबानीवरच हाय म्हना," ते म्हणाले आणि लोक हसले. या माणसाला काय समजणार होतं? मग ते एकेका चित्राखालचे आकडे वाचत गेले आणि सातव्यापाशी थबकले. मी पेन्सिलीनं लिहिलेलं: ७/१२. "हे माझं!" ते ओरडले. "सातबारा माझ्या नावावर करा!" त्यावर आणखी चौघे सातबारा मागायला लागले. माझ्या आयुष्यातल्या पहिल्या प्रदर्शनात भांडण झालं ते चित्रासाठी नाही, जमिनीच्या उताऱ्यासाठी.

बाराही प्रती गेल्या. पहिली प्रत फोनवरूनच कुणी राखून ठेवायला सांगितली होती, असं ऋषिराज म्हणाला. मी आनंदात आहे आणि मला या आनंदाची लाज वाटते.

२४ नोव्हेंबर

निमगाव केतकीला लग्न. निघताना सासूबाईंनी गळ्यातलं खरं मंगळसूत्र काढून कपाटात ठेवलं आणि एक ग्रॅमवालं घातलं. बाजारातल्या प्रत्येक बाईच्या गळ्यात असतं तसलं, पिवळंजर्द.

"आई, लग्नाला तरी खरं घाला की."

"खरं काय गर्दीत मिरवायचं आसतं व्हय?"

तिथं मांडवातल्या सगळ्या बायका तशाच. एकमेकींचे दागिने हातात घेऊन तारीफ चाललेली, आणि खोटं आहे हे प्रत्येकीला माहीत. ज्या लोकांचं गळ्यातल्या खोट्यावर भागतं त्यांना मी शाईची उंची समजावून सांगत होते.

४ डिसेंबर

मोहनराव दुकानात आले होते. काखेत मलमलीत गुंडाळलेलं माझं चित्र. ऋषिराज आणि ते मशीनपाशी कुजबुजत होते, मी गेले तशी दोघं गप्प. चित्राला काय झालं विचारलं तर म्हणाले, "काय न्हाय सूनबाई, झकास हाय. जरा काम हुतं."

जेवताना ऋषिराजनं सुरुवात केली. "मोहनराव काय म्हनत हुते सांगू का? आन ते भिगवनचे फारुकभाई बी..."

"मला कुणाचं काही ऐकायचं नाही. त्यांना रंग भरून हवा असेल."

तो भाकरी मोडत बसला. विषय काढायचा आणि अर्धवट सोडायचा, ही त्याची जुनी खोड.

१५ जानेवारी

हळदीकुंकवासाठी सासूबाईंनी कपाटातून आपली लग्नातली पैठणी काढली आणि उलगडली, तर काठापासून पदरापर्यंत कसर लागलेली. भोकंच भोकं. खालच्या दोन साड्यांचंही तेच. त्या पैठणीवरून नुसता हात फिरवत बसल्या. मी विचारलं, "डांबरगोळ्या नव्हत्या ठेवल्या?" तर म्हणाल्या, "काढल्या हुत्या." का, ते विचारलं तर पैठणीची घडी घालायला लागल्या.

काय बोलणार? चाळीस वर्षं कपाट सांभाळलेल्या बाईला एवढी अक्कल असू नये. वाईट वाटलं, पण रागच जास्त आला.

१८ जानेवारी

पुण्याहून गॅलरीच्या बाईंचा फोन. मार्चमध्ये त्यांना 'रंगूबाई'च्या बाराही प्रती एका भिंतीवर ओळीनं लावायच्या आहेत, एकच पत्रा आणि बारा वेळा फिरलेला हात बघणाऱ्याला दिसावा म्हणून. बाराच्या बारा हव्यात, एक कमी चालणार नाही. मालकांकडून पंधरा दिवसांसाठी मागून आणायच्या.

मी शेडमध्ये जाऊन पत्र्याला हात लावून आले. शेवटी कुणाला तरी कळलं.

२३ जानेवारी

इंदापूरला मोहनरावांच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत होती. दिवाणखान्यात शिरल्या शिरल्या समोर माझी रंगूबाई. चार पावलं पुढं गेले. ती चकाकत होती. पर्समधून भिंग काढून लावलं. लाल, निळे, पिवळे ठिपके. पत्र्याचा दाब नाही. माझी सहीसुद्धा ठिपक्यांची. खाली ठिपक्यांचाच ७/१२. काडीमोल चकचकीत नक्कल, पुठ्ठ्यावर चिकटवलेली. असल्या वस्तूला हात लावायचीही मला किळस आली.

खोली पाहुण्यांनी भरली होती. मी मोठ्यानं म्हणाले, "हे खोटं आहे. माझं चित्र कुठे गेलं?"

सगळे जेवणाची ताटं धरून बघायला लागले. मोहनराव लालबुंद झाले. त्यांच्या बायकोनं माझा दंड धरला आणि त्या हळूच म्हणाल्या, "आत चल गं बाई. आत चल, दावते." ओटी भरून तोंड बंद करायचं, दुसरं काय दाखवणार? मी हात सोडवून घेतला. "आत काय? बाहेरच बोला, सगळ्यांसमोर." त्यांनी पाहुण्यांकडे बघितलं आणि ओठ मिटून घेतले. चोराची बायको असती तरी इतकी गप्प राहिली नसती.

असलं मशीन या दोन तालुक्यांत एकाच माणसाकडे आहे.

२४ जानेवारी

काल येताना गाडीतच ऋषिराजला विचारलं होतं. "तू छापलंस?"

"व्हय, मीच छापलं. पन ऐक तरी..."

पुढचं ऐकायची मला गरज नव्हती. मी त्याला चोर म्हणाले. आणखीही म्हणाले: आयुष्यभर वाघांची आणि गुंडांची तोंडं छापणाऱ्याला बायकोचं चित्र काय वेगळं वाटणार. भिगवण रस्त्यावरचे दिवे यायला लागेपर्यंत बोलत होते. तो गाडी चालवत राहिला.

घराशी उतरताना एवढंच म्हणाला, "चोर म्हनालीस. आता तूच शोध."

३० जानेवारी

आम्ही बोलत नाही. तो दुकानात जेवतो. सासूबाई दोन्हीकडे ताटं पोचवतात आणि माझ्याकडे अशा बघतात जणू मीच काही चोरलंय.

आज निमगाव केतकीला रामहरी मास्तरांकडे गेले, त्यांनी चौथी प्रत घेतली होती. मास्तर शाळेत, घरात त्यांची शेंबडी नात. भिंतीवर चकचकीत रंगूबाई, आणि खाली आकडा काय? ७/१२! चौथी प्रत घेतलेल्या माणसाच्या घरात सातवी. म्हणजे मोहनरावांचीच एक प्रत मशीनवर चढवून गावोगाव वाटली आहे. नात म्हणाली, "आजोबा यीस्तवर थांबा की." मी थांबले नाही. काय सांगणार होते मास्तर? पुण्याच्या बाईंना कळवायला हवं की बारातली एकही अस्सल प्रत हाती लागत नाही. माझं नाव सुरू व्हायच्या आधीच संपलं. बसमध्ये मला रडू आलं आणि शेजारच्या बाईनं न विचारता बोरं दिली.

१ फेब्रुवारी

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

शेवटचं म्हणून भिगवणला फारुकभाईंकडे गेले. मासळीचे व्यापारी, रंगूबाई त्यांच्याच गाळ्यावर बसते. ते बाजारात होते, त्यांच्या बायकोनं, सबिनानं दार उघडलं. भिंतीवर पुन्हा तोच सातबारा. मी म्हणाले, "ही नक्कल आहे, माहीत आहे का तुम्हाला?"

"नक्कलच हाय ना भाभी," ती म्हणाली, अगदी सहज. "तुमच्याच मिस्टरांनी बनवून दिली."

तिनं दार लावून घेतलं, कपाट उघडलं, चोरकप्प्यातला तिच्या निकाहच्या दागिन्यांचा डबा बाजूला केला आणि मलमलीचं बोचकं काढलं. दोन कोऱ्या कागदांमध्ये माझी रंगूबाई. नववी प्रत. भिंग लावायची गरजच नव्हती. रेघा उंच, कडेचा दाब ठसठशीत, बोटाचा डाग कुठे नाही.

"तुमीच सांगितलं हुतं. उजेड नको, ओल नको, धूर नको, हात नको. आता आमच्या घरात मच्छी, चूल, पोरं. भिंतीवर लावायचं कसं? खरं आत, रोजचं बाहेर. गळ्यातलं कसं करतो आपन?" तिनं गळ्यातली माळ पुढं केली. "हे एक ग्रॅमचं. खरं ह्याच कप्प्यात हाय."

"सगळ्यांनी असंच केलंय?"

"मोहनरावांनी सुरू केलं. मग समद्यांनीच. आन सगळ्यांना सातबाराच पायजे हुता, मग काय, भिंतीवर तरी भेटला."

मी विचारलं, हे मला कुणी सांगितलं का नाही. मोहनरावांच्या बायकोनं तरी त्या दिवशी.

सबिना माझ्याकडे बघतच राहिली. "भर पाव्हण्यात? कपाटात काय ठिवलंय ते कुनी सांगतं का, भाभी?"

मग तिनं भिंतीवरची नक्कल काढून पालथी केली. पाठीवर निळा रबरी शिक्का, 'सत्यप्रत', दाखल्यांच्या झेरॉक्सवर मारतात तसला. खाली ऋषिराजच्या वाकड्या अक्षरात: 'मूळ चित्र स्वरूपानं काढलेलं आहे. हे विकू नये.'

प्रत्येक घरात मी भिंग घेऊन गेले आणि एकाही घरात चित्र उलटून बघितलं नाही. मी लोकांना अस्सल-नक्कल शिकवते!

संध्याकाळी दुकानात गेले. मशीनवर कुठल्या तरी क्रिकेट सामन्यांचा फ्लेक्स चालला होता, बक्षिसाचा बोकड ठळक. ऋषिराजनं वर बघितलं नाही.

"माझं चुकलं," मी म्हणाले. "खरंच चुकलं."

"भिंग आनलंस का?" तो म्हणाला. "लावून बघ की. खरं म्हनतीस का नुसतंच ठिपकं हाईत."

मी तिथंच बाकावर बसले. तो फ्लेक्स कापत राहिला, मग कापडाचं दुसरं टोक धरायला मला हाक मारली, आणि मी बोकडाच्या बाजूनं धरलं.

३ फेब्रुवारी

काल ऋषिराजनं दुचाकीवर फिरून बऱ्याच प्रती जमवल्या. रामहरी मास्तरांनी स्वतः आणून दिली, वर पुण्याला न्यायची कशी यावर मलाच व्याख्यान दिलं. मोहनराव मात्र फोनवर म्हणाले, "भरल्या घरात खोटं म्हनून गेली. आता खरं कुठनं देऊ?"

आज रथसप्तमीच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडे हळदीकुंकू. गेले. त्याच दिवाणखान्यात, बऱ्याचशा त्याच बायकांसमोर उभी राहिले आणि म्हणाले, या घरात काहीच खोटं नव्हतं, मला बघता आलं नाही. कपाटाचं नाव काढलं नाही, एवढं आता मला कळतं. बायकांना चित्राशी घेणंदेणं नव्हतं, पण पुण्याची पोरगी माफी मागते हे त्यांनी चवीनं ऐकलं. मोहनरावांच्या बायकोनं मला कुंकू लावलं, आणि या वेळी मी आत गेले.

येताना मांडीवर सातवी प्रत होती. मोहनराव फाटकापर्यंत आले. "पुण्यातलं पंधरा दिस. सोळाव्या दिशी सातबारा हितं पायजे," असं दोनदा बजावलं.

६ फेब्रुवारी

अकरा झाल्या. राहिली पहिली, फोनवरच्या गिऱ्हाइकाची. ऋषिराजला नाव विचारलं, तर त्यानं हनुवटीनं आतल्या खोलीकडे दाखवलं.

सासूबाई खाटेवर बसून शेंगा फोडत होत्या. मी काही विचारायच्या आत कमरेची किल्ली काढली आणि कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात खरं मंगळसूत्र, पाटल्या, आणि त्यांच्याखाली चपटा पत्र्याचा डबा. त्यात मलमल, त्यात कागद, त्यात पहिली रंगूबाई. बाजारावर रागावलेली. कणभर डाग नाही.

खालच्या कप्प्यात ती पैठणी घडी घालून ठेवलेली होती, भोकं आत दुमडून.

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. "आई, डांबरगोळ्या यासाठी काढल्या?"

"तूच म्हनलीस की माईकवर. कागदाजवळ नको म्हनून."

"तुम्ही तर पेंगत होतात."

"डोळं मिटलं म्हून कान मिटत्यात व्हय?" त्यांनी डबा माझ्या हातात दिला. "कपाट एकच हाय माझ्याकडं. दोन्ही कुठं ठिवनार?"

मला तिथं उभं राहवेना. काळंच हाय समदं, म्हणणाऱ्या या बाईनं लग्नातली पैठणी कसरीला दिली आणि माझ्याकडून बोलणी खाल्ली, पण मला एका शब्दानं सांगितलं नाही. त्या खाटेवर मी बसले आणि हुंदका आवरला नाही. त्या शेंगा फोडत राहिल्या. थोड्या वेळानं चार दाणे माझ्या हातावर ठेवले.

मी म्हणाले, पुण्याहून परत आली की ही प्रत आपण बाहेरच्या खोलीत लावू, काच लावून, आणि कपाटात पुन्हा गोळ्या ठेवू.

"काय नको. खरं आतच ऱ्हाऊ दे. भाईर ऋषीनं केलेलं लाव."

तर आता आमच्या बाहेरच्या खोलीत, चित्रकाराच्या स्वतःच्या घरात, मशीनवरची चकचकीत रंगूबाई टांगली आहे, ठिपक्यांच्या सहीची, ७/१२ आकड्याची. सासूबाई खोटं मंगळसूत्र घालून तिच्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ब्येस दिसतीय." ऋषिराजनं खालून खुर्ची धरली होती. खिळा मीच ठोकला.